दुधाच्या वाट्याला चौथाई

आयर्लंडमधली दुभती गाय वर्षातले आठ-नऊ महिने कुरणावरच असते. पाऊस बारमाही आणि हवा थंड, त्यामुळे गवताला तोटा नाही. वैरण कापून गोठ्यात आणण्यापेक्षा गाईनेच चरून यावे, हे तिथे सर्वांत स्वस्त पडते. या स्वस्त दुधाचा हिशेब मात्र नायट्रोजनपाशी येऊन अडतो.

वसंतातल्या कोवळ्या रायग्रास गवतात प्रथिने २० टक्के, कधी त्याहून जास्त असतात. गाईला पंधरा-सोळा टक्के पुरेशी होतात. दिवसाला १७ किलो सुका चारा धरला, तर त्यातून पोटात जाणारा नायट्रोजन साधारण ५४० ग्रॅम भरतो. तिने २४ लिटर दूध दिले, तर त्यातून बाहेर येतो जेमतेम १३० ग्रॅम. म्हणजे दुधाच्या वाट्याला चौथाई, बाकी सगळे शेण-मूत्रात.

असे का होते, ते गाईच्या कोटीपोटात पाहावे लागते. तिथले जंतू प्रथिने फोडून अमोनिया करतात आणि त्यातूनच स्वतःचे शरीर घडवतात. पुढे गाय हे जंतूच पचवते. पण शरीर घडवायला त्यांना त्याच वेळी साखरेची ऊर्जाही लागते. ती कमी पडली की उरलेला अमोनिया रक्तात उतरतो, यकृत त्याचा युरिया करते आणि तो मूत्रातून जातो. थोडा दुधातही येतो. म्हणून दुधातला युरिया तपासला की गाईच्या खाण्यात प्रथिने जास्त होताहेत का, हे कळते.

कुरणात बारकाईने पाहिले तर जागोजागी गडद हिरवे, उंच वाढलेले ठिपके दिसतात. गाय मुतली ती ही जागा. त्या ठिपक्यात नायट्रोजन पडतो तो हेक्टरी ६०० किलोच्या हिशेबाने, कधी आणखी जास्त. आपल्या मापात सांगायचे तर एकरी युरियाच्या अकरा-बारा गोण्या, त्याही एका दमात. एवढे कोणते गवत खाईल? त्यातही शरद ऋतूत गवताची वाढ मंदावलेली असते आणि पाऊस मात्र वाढतो. उरलेला नायट्रोजन नायट्रेट होऊन निचऱ्याबरोबर नदीत जातो आणि खाडीच्या तोंडाशी शेवाळ माजवतो. थोडा नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. कार्बन डायऑक्साइडच्या पावणेतीनशे पट तापवणारा हा वायू.

गाईला जागेवर मुतायला शिकवता येईल का, हेही पाहून झाले आहे. जर्मनीतल्या एका प्रयोगात सोळापैकी अकरा वासरे शिकली. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कुरणावर पसरलेल्या कळपाला याचा उपयोग शून्य.

खरी बचत खताच्या गोणीत आहे. आयर्लंडमधल्या मूरपार्क इथल्या प्रयोगांत गवतात पांढरा क्लोव्हर मिसळला, तेव्हा हेक्टरी १५० किलो खत-नायट्रोजनवर जवळपास तेवढाच चारा निघाला, जेवढा नुसत्या गवतातून २५० किलोवर निघत होता. दूधही वाढले. क्लोव्हर म्हणजे आपल्या बरसीमचा भाऊबंद. त्याच्या मुळावरची गाठ चिरली की आत गुलाबी दिसते. भुईमुगाच्या गाठीत दिसते तशीच. तो रंग असेल तर समजावे, आतले जंतू हवेतला नायट्रोजन बांधताहेत. मात्र जमीन आम्ल असेल तर हे काम नीट होत नाही. आधी चुना घालावा लागतो.

पण क्लोव्हर खाल्लेली गायही मुततेच. दर लिटरमागे नायट्रोजन कमी लागला, तरी लिटर वाढले तर नदीला काय फरक पडणार? युरोपातली दूध-उत्पादनाची कोटा पद्धत २०१५ मध्ये उठली. आयर्लंडमधल्या अकरा लाखांच्या आसपास असलेल्या दुभत्या गाई दशकभरात सोळा लाखांच्या घरात गेल्या. कार्यक्षमतेच्या गप्पांमध्ये हा आकडा सोयीस्करपणे मागे राहतो.

तिथे गुरांच्या शेण-मूत्रातल्या नायट्रोजनची मर्यादा सवलत मिळालेल्या शेतकऱ्यांना हेक्टरी २५० किलो होती. २०२४ पासून अनेक भागांत ती २२० झाली. मध्यम दूध देणारी गाय नियमाच्या कोष्टकात ९२ किलोची धरतात. ४० हेक्टरवर पूर्वी १०८ गाई बसत, आता ९५. तेरा गाई विकायच्या, की शेजारची जमीन खंडाने घ्यायची? ज्याने क्लोव्हर पेरून गोण्या कमी केल्या, त्यालाही हाच प्रश्न, कारण ही मर्यादा गुरे मोजते, गोण्या नाही. त्याची तक्रार रास्त आहे. पण हिवाळी पावसात वाहून जाणारे नायट्रेट मुख्यतः गुरांच्या मूत्रातूनच येते, हेही तितकेच खरे.