दोन दरवाजे, पण शत्रू आत असेल तर?

भोर-वेल्ह्याच्या गावांतून आता बँकेची बरीच कामे मोबाइलवर, नाहीतर बाजारपेठेतल्या एखाद्या केंद्रातल्या संगणकावर होतात. पासवर्ड टाकायचा, मोबाइलवर ओटीपी येतो, तोही टाकायचा. आपल्याला वाटते, दोन कुलपे लागली, आता काळजी कसली?

वेल्ह्याच्या बाजूने राजगड चढलेल्यांना पाली दरवाजा आठवत असेल. तिथे एकापुढे एक अशी दोन प्रवेशद्वारे आहेत. पहिले पडले तरी शत्रू दुसऱ्यापाशी अडतो. ओटीपीचे काम असेच. पासवर्ड ही आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट, तर मोबाइल ही आपल्याजवळची वस्तू. नुसता पासवर्ड चोरून चोराचे भागत नाही. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून कार्डाने ऑनलाइन पैसे देताना अशी जादा पडताळणी सक्तीची केली.

पण शत्रू आधीच गडावर असेल तर? संगणकात घातक प्रोग्राम शिरला असेल, तर तो आपण दोन्ही दरवाजे उघडेपर्यंत दबा धरून बसतो. ओटीपी खरा, टाकणारेही आपणच. मात्र पडद्यावर दिसतात पाचशे रुपये आणि बँकेकडे आदेश जातो पन्नास हजारांचा, तोही भलत्याच खात्यासाठी!

तपासणारे यंत्रच फितूर झाले तर काय होते, हे पुण्याने पाहिले आहे. एटीएमवर कार्ड आणि पिन ही दोन कुलपेच. पण ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसखोरी झाली आणि नकली कार्डांना खोटी मंजुरी मिळत गेली. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत, परदेशी खात्यात वळवलेली रक्कम धरून, सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

मग ओटीपी निरुपयोगी का? मुळीच नाही. तो एकदाच चालतो. बिघडलेल्या संगणकाने आज तो टिपून ठेवला, तरी उद्या चोराला त्याच आकड्यांनी आत येता येत नाही. फक्त त्याच्या भरवशावर गाफील राहू नये.

परक्या संगणकावर बँकेचे काम टाळावे. ओटीपीच्या संदेशात रक्कम आणि पैसे घेणाऱ्याचे नाव असेल, तर ते आधी वाचावे, आकडे मागाहून टाकावेत. अनोळखी ॲप मोबाइलवर घेऊ नये, कारण बँक आणि ओटीपी दोन्ही त्याच मोबाइलवर असले, की दोन्ही किल्ल्या एकाच जुडग्यात येतात. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प न बसता लगेच बँकेला कळवावे आणि १९३० या क्रमांकावर फोन करावा.

दरवाजे दोन असोत की चार, पहारेकरी जागा हवा. आणि तो पहारेकरी आपणच.