जुन्या मोटारीचे नवे सुकाणू

जुनी मोटार हे केवळ वाहन नसते. अनेक घरांत तो कुटुंबाच्या आठवणींचा ठेवा असतो. परंतु स्टिअरिंग दोन बोटे फिरवूनही चाके जागची हलत नसतील, तर त्या ठेव्याच्या मालकाला चिंता वाटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी अनेकदा सुचविला जाणारा उपाय म्हणजे मूळ यंत्रणा काढून तेथे ‘रॅक अँड पिनियन’ स्टिअरिंग बसविणे.

ही पद्धत तशी जुनीच. १९४८ मध्ये इंग्लंडमध्ये अवतरलेल्या मॉरिस मायनरमध्ये ती होती आणि मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेल्या आपल्या अ‍ॅम्बॅसॅडरमध्येही होती. अमेरिकन मोटारी मात्र दीर्घकाळ स्टिअरिंग बॉक्सवरच विसंबून राहिल्या. एप्रिल १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात सादर झालेली फोर्ड मस्टँग हे त्याचे ठळक उदाहरण. आज तिच्यासाठी रॅक अँड पिनियनचे तयार संच मिळतात.

मस्टँगच्या मूळ रचनेत चालकाने दिलेला फेरा प्रथम बॉक्समधील मळसूत्री दांड्याला मिळतो. तेथून तो पिटमन आर्म, मधला दुवा आणि टाय रॉड अशा टप्प्यांनी चाकांपर्यंत पोहोचतो. प्रत्येक सांधा काळानुसार झिजतो आणि थोडथोडा ढिलेपणा साचत जातो. रॅक अँड पिनियनमध्ये स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकावरील लहान दंतचक्र दातेरी पट्टीला थेट डावी-उजवीकडे सरकविते. सांधे कमी, म्हणून प्रतिसाद नेमका.

तथापि, हा केवळ एका सुट्या भागाचा बदल नव्हे; येथे भूमितीचा प्रश्न आहे. टाय रॉडची लांबी व त्याच्या आतील टोकाची जागा सस्पेन्शनच्या मूळ मांडणीशी जुळली नाही, तर खड्ड्यातून जाताना चाक आपोआप वळते. यालाच ‘बम्प स्टिअर’ म्हणतात. याखेरीज नवा रॅक इंजिनच्या ऑईल चेंबरला अडू शकतो, तर काही संचांमुळे गाडी वळण्यास अधिक जागा लागते. १९६५-६६ च्या मस्टँगमध्ये स्टिअरिंगचा लांब दांडा बॉक्सशी अखंड जोडलेला असल्याने तो कापावा किंवा संपूर्ण बदलावा लागतो. मात्र हीच संधी साधून अपघातात आत दबणारा दांडा बसविल्यास चालकाच्या छातीचे रक्षण होऊ शकते. नंतरच्या मस्टँगमध्ये कंपनीनेच तशी सोय केली होती.

म्हणूनच खर्चाचा निर्णय घेण्यापूर्वी मूळ यंत्रणेची तपासणी करणे श्रेयस्कर. झिजलेले सांधे बदलून, बॉक्सची जुळणी आणि व्हील अलाइनमेंट करून पुष्कळदा ढिलेपणा दूर होतो. तेवढ्याने भागत असेल, तर फेरबदलाचा खर्च टळतो आणि गाडीचे मूळ रूपही टिकते.

भारतातील मालकाने तर कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल, असा बदल करता येत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी वाहन पन्नास वर्षांहून जुने व मूळ स्वरूपात असावे लागते. चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. रॅक बसविण्यासाठी चेसिसला कापजोड करणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे. परिवहन कार्यालयाकडे आधी विचारणा करावी आणि विमा कंपनीला बदलाची लेखी माहिती द्यावी. अन्यथा अपघातानंतर दाव्याच्या वेळी वाद उद्भवू शकतो.

वारशाने आलेल्या वस्तूचे मोल तिच्या मूळपणात असते, हे खरे. पण त्या मोटारीत बसणाऱ्यांचे मोल त्याहून अधिक. दोहोंचा तोल सांभाळून, जाणत्या कारागिराच्या सल्ल्याने घेतलेला निर्णयच खऱ्या अर्थाने गाडी योग्य मार्गावर ठेवील.