विस्तव आणि उसाची गोडी

ऊस आणि विस्तव यांचे नाते जुने आहे. चुलवाणावर रस आटला नाही तर गूळ नाही, आणि कारखान्यातल्या वाफेवाचून साखर नाही. पण याच विस्तवाची मात्रा चुकली की तो गोडी खातो, आणि फडात शिरला तर जमिनीचाही घास घेतो. हे कसे घडते, ते आज पाहू.

श्रोतेहो, आधी साखर म्हणजे काय ते समजून घेऊ. साखरेत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन ही तीनच मूलद्रव्ये असतात. यांतली शेवटची दोन पाण्यात ज्या प्रमाणात असतात, नेमकी त्याच प्रमाणात साखरेतही असतात. म्हणून हिशेबापुरते असे म्हणता येईल की, 100 ग्रॅम साखरेत 42 ग्रॅम कोळसा आणि 58 ग्रॅम पाणी आहे.

शिक्षकबंधूंना हे वर्गात दाखविता येईल. लोखंडी पळीत चमचाभर साखर घेऊन मंद आचेवर धरा. ती वितळते, सोनेरी होते, खमंग वास सुटतो. मग ती तांबूस होते, चव कडवट होते, आणि अखेर काळा कोळसा उरतो. मधल्या वेळी पळीवर थंड ताटली धरली तर तिला पाण्याचे थेंब लागतात. मात्र हा प्रयोग शिक्षकांनी स्वतःच करावा. वितळलेली साखर कातडीला चिकटली तर खोल भाजते. हा कोळसाही पुरता जळू दिला तर 100 ग्रॅम साखरेपासून सुमारे 154 ग्रॅम कार्बन डायॉक्साइड वायू तयार होतो. साखरेपेक्षा वायूचे वजन जास्त कसे? तर जळताना हवेतला ऑक्सिजन त्यात मिळतो. उसाने उन्हाच्या बळावर हवेतून जो वायू घेतला होता, तोच हवेला परत जातो.

आता काहिलीकडे वळू. शंभर भाग रसात ऐंशीच्या आसपास भाग पाणीच असते. हे पाणी भरपूर आहे तोवर जाळ कितीही घाला, रसाचे तापमान शंभर अंशांच्या फार वर चढत नाही. पाणी उडत गेले की ते चढू लागते, आणि गूळ उतरविण्याच्या वेळी 118 अंशांच्या घरात पोचते. इथून पुढे करपायला वेळ लागत नाही. म्हणून जाणता गुळव्या शेवटी जाळ कमी करायला लावतो, पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून गोळी होते का ते पाहतो, आणि काहील झटकन उतरवितो. थर्मामीटर नसला तरी हे शास्त्रच आहे.

उष्णतेचा आणखी एक परिणाम डोळ्यांना दिसत नाही. रसात आंबटपणा असला आणि त्यात उष्णता मिळाली, की साखर फुटून तिच्या ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन शर्करा होतात. दोन्ही गोडच, पण त्यांचे खडे सहजी बनत नाहीत, आणि गूळ पाघळतो. तोडून दोन-चार दिवस पडलेल्या उसाचा गूळ नीट का बसत नाही, त्याचे हे कारण. चुन्याची निवळी घालतात ती हा आंबटपणा मारण्यासाठी. पण चुना जास्त झाला तर गूळ काळवंडतो.

हाच नियम जळालेल्या फडाला लागू आहे. उभ्या उसाला आग लागली की पाचट भुर्रकन जळते आणि कांडे वरून शाबूत दिसते. पण आच लागलेल्या कांड्यात जंतू लवकर शिरतात, साखर फुटू लागते, वजनही घटते. म्हणून जळीत ऊस ताबडतोब गाळपाला जावा लागतो, आणि त्याच्या दरात कपातही होते.

तोडणीनंतर पाचट पेटविण्याचेही तसेच. पात्याची धार हातापायांना कापते, पाणी द्यायला अडचण होते, उंदीर-सापांचे भय असते, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे. पण हेक्टरी 8 ते 10 टन पाचट जाळले की त्यातला कार्बन आणि बहुतेक नत्र हवेत जातो. राखेत पालाश तेवढा उरतो. त्याऐवजी बुडखे जमिनीलगत छाटून पाचट सरीत दाबावे. दर टनामागे 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावे. खोडव्याला ओल टिकते, तण दबते आणि वर्षभरात त्याचे खत होते.

विस्तवाने रसातले पाणी तेवढे न्यावे, साखर नेऊ नये. आणि पाचटापुरते बोलायचे तर, तिथे त्याला बोलावूच नये.