चावी फिरविल्यावर

मोटारीची चावी फिरविताच इंजिन घुरघुरते आणि दुसऱ्याच क्षणी चालू होते. एवढ्या अल्प अवकाशात बॅटरीला दोन अगदी भिन्न कामे करावी लागतात, याची चालकाला सहसा जाणीव नसते. त्यांतले एक काम बळाचे, दुसरे नाजूक. इंजिनाला फिरविणारी मोटर, जिला मेकॅनिक मंडळी नुसते ‘सेल्फ’ म्हणतात, दीडदोनशे अँपिअर प्रवाह ओढते. ठिणगीसाठी लागणाऱ्या कॉईलला मात्र चार-पाच अँपिअर पुरतात. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीवर चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा सेल्फ आला, आणि हँडलच्या उलट फटक्याने मनगटे मोडण्याचे दिवस हळूहळू सरले. परंतु त्याबरोबर तारांचे एक जाळेही आले. साठसत्तर वर्षांनी त्या तारांवरील वेष्टन कडक होऊन तडकू लागते, तेव्हा सगळे जाळे नव्याने विणावे लागते.

उदाहरणादाखल १९६०च्या दशकातील फोर्ड एफ-१०० हा अमेरिकन पिकअप ट्रक घेऊ. त्यात बॅटरीची जाड केबल थेट सेल्फकडे जात नाही. वाटेत मडगार्डच्या आतल्या बाजूस बसविलेल्या एका रिलेवर येते. चावीपासून आलेली बारीक तार या रिलेतील वेटोळ्याला थोडासा प्रवाह देते, वेटोळे लोखंडी दांडी ओढून घेते, आणि तांब्याची चकती दोन जाड बोल्टांना जोडते. अशा रीतीने दोनशे अँपिअरांचा लोंढा चावीच्या नाजूक स्विचमध्ये न शिरता बाहेरच्या बाहेर वाहतो.

जाड केबलीत काटकसर करणे महागात पडते. वाटेत केवळ एक शतांश ओहम रोध असला, तरी दोनशे अँपिअरांना तेथे दोन व्होल्ट गमवावे लागतात. फोर्डच्या ट्रकांत १९५५ पर्यंत सहा व्होल्टांची बॅटरी असे, १९५६ पासून बारा व्होल्टांची आली. जुन्या सहा व्होल्टांतून दोन गेले म्हणजे तिसरा हिस्साच गेला. शिवाय तेवढ्याच कामाला तेथे प्रवाह दुप्पट लागतो. त्यामुळे बारा व्होल्टांसाठी विकली जाणारी केबल जुन्या गाडीला जोडली, की सेल्फ कण्हतो आणि दोष बिचाऱ्या बॅटरीच्या माथी येतो. परतीच्या वाटेचेही तसेच. इंजिन रबरी पायांवर टेकलेले असते, म्हणून इंजिन आणि चॅसी यांमध्ये अर्थची पट्टी हवीच. ती राहून गेली, तर प्रवाह चोकच्या तारेतून वाट काढतो, आणि ती तार तापून लाल होऊ शकते.

खरी मेख मात्र नाजूक बाजूला आहे. कॉईलचा रोध सुमारे दीड ओहम असतो. इंजिन चालू असताना डायनामो किंवा अल्टरनेटर चौदा व्होल्टांपर्यंत दाब देतो. तो सरळ कॉईलवर आला, तर पॉईंट मिटलेले असताना नऊ अँपिअरांहून अधिक प्रवाह वाहेल. म्हणून कारखान्याने चावी व कॉईल यांच्यामध्ये जवळजवळ तितक्याच रोधाची एक खास तार घातली, आणि प्रवाह निम्म्यावर आणला. पण सेल्फ फिरताना बॅटरीचा दाब नऊ-दहा व्होल्टांवर उतरतो, आणि नेमक्या त्याच वेळी जोरदार ठिणगी हवी असते. यावर उपाय म्हणून रिलेला आणखी एक लहान टोक दिले. सेल्फ फिरतो तेवढाच वेळ ते जिवंत होते आणि खास तारेला वळसा घालून बॅटरीचा दाब थेट कॉईलला पोचविते. दोन स्वतंत्र मंडले एकमेकांना भेटतात ती एवढ्या एका जागी.

ही खास तार दिसायला इतर तारांसारखीच असते, आणि तेथेच घात होतो. नवी जोडणी करणारा उत्साही माणूस तिला जुनाट म्हणून फेकतो व तिच्या जागी स्वच्छ तांब्याची तार ओढतो. गाडी चालू होते, किंबहुना काही दिवस अधिक तडफेने चालते. मग पॉईंट जळतात आणि कॉईल हात लावता येणार नाही इतकी तापते. तिची लांबी हाच तिचा रोध असल्याने ती कापून आखूडही करता येत नाही. खराबच झाली असेल, तर त्याच मापाचा चिनी मातीचा रोधक बसवावा.

दोष ओळखण्याची खूणही यातूनच मिळते. सेल्फ फिरताना इंजिन पेटते, पण चावी सोडताच विझते, तर खास तार तुटलेली किंवा स्विचचे ‘चालू’ टोक निकामी समजावे. उलट, सेल्फ कितीही फिरविला तरी नाही आणि चावी सोडता सोडता मात्र इंजिन पेटते, तर वळशाची तार तपासावी.

रिलेवरील दोन लहान तारांची अदलाबदल याहून धोक्याची. मग नुसती चावी उघडली तरी सेल्फ फिरण्याचा संभव असतो, आणि गाडी गिअरमध्ये असली तर समोरच्या माणसावर झेप घेते. म्हणून काम सुरू करताना बॅटरीची अर्थ केबल प्रथम सोडावी आणि शेवटी जोडावी. जुन्या तारा काढण्यापूर्वी प्रत्येकीला चिठ्ठी बांधावी. स्विचकडे जाणाऱ्या मुख्य तारेला जुन्या काळी अनेक गाड्यांत फ्यूज नसे, तो आता घालावा. पहिल्या चाचणीला गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि बॉनेटसमोर कोणी नाही, हे पाहून मगच चावी फिरवावी. इंजिन चालू झाल्यावर कॉईलच्या टोकाशी व्होल्टमीटर लावावा. काटा सात ते नऊच्या आसपास स्थिरावला, तर जोडणी बरोबर आहे. तो बारा-चौदावर गेला, तर इंजिन ताबडतोब बंद करून खास तारेचा शोध पुन्हा घ्यावा.