कॅप बसवण्याआधी हिरडी का कापतात?

दाढ हिरडीपाशी तुटली. रूट कॅनल झालं. आता कॅप बसणार, तेवढ्यात डॉक्टर म्हणतात, 'आधी क्राउन लेंग्थनिंग करावं लागेल.' बोरिवली असो की मुलुंड, हे ऐकल्यावर पेशंटच्या मनात पहिली शंका येते ती बिलाची. ऑपरेशन खरंच गरजेचं आहे का?

नावावरून वाटतं की दात लांब करणार. तसं काही होत नाही. हिरडीखाली दडलेला दात फक्त उघडा केला जातो. कॅपला पकड मिळायला सुमारे 2 मिलिमीटर उंचीचा शाबूत दात लागतो. तो नसेल तर कॅप निघते, कधी मूळच तडकतं.

मग कॅपची कड हिरडीखाली खोल का नेत नाहीत? खरी गोम इथेच आहे. हाडाच्या लगेच वर, साधारण 2 मिलिमीटरच्या पट्ट्यात हिरडी दाताला घट्ट चिकटलेली असते. कॅप त्या पट्ट्यात घुसली की हिरडी सुजते, ब्रश करताना रक्त येतं, हळूहळू हाडही झिजतं. म्हणून कॅपची कड आणि हाड यांत सुमारे 3 मिलिमीटर अंतर ठेवतात. त्यासाठी बरेचदा थोडं हाडही घासावं लागतं. हे सगळं जागा बधिर करून होतं. पक्की कॅप मात्र लगेच बसत नाही. दाढेसाठी साधारण 6 ते 8 आठवडे, पुढच्या दातांसाठी 3 ते 6 महिने थांबतात, कारण हिरडीची रेषा स्थिर व्हायला वेळ लागतो.

रीलमध्ये लेझरने हिरडी कापून काही मिनिटांत 'नवं स्माइल' दिसतं. पण हाड कुठे आहे हे न मोजता कापलेली हिरडी काही महिन्यांत परत वाढू शकते. आणि हिरडी जास्त दिसण्याचं कारण ओठ किंवा जबडा असेल, तर हिरडी कापून फारसा उपयोग नाही.

मूळ आखूड असेल किंवा दात हलत असेल तर हे ऑपरेशन टाळतात. कधी तारेने दात थोडा वर ओढता येतो, कधी तो काढावाच लागतो. त्यामुळे 'हाड घासल्यावर मुळाला किती आधार उरेल?' हे डॉक्टरांना एक्स-रेवर दाखवायला सांगा. दुसरं मत हवं असेल तर अंधेरी-बोरिवलीकरांना मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, घाटकोपर-मुलुंडकरांना सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय लोकलने सरळ पडतं. दोन्हीकडे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. जाताना एक्स-रे सोबत न्या.