चौतीस डॉलरांचं वैर

क्रीडा-इतिहासात मला झालेल्या सामन्यांपेक्षा न झालेले सामने जास्त खुणावतात. पावसात वाहून गेलेले किंवा महायुद्धापायी रद्द झालेले नव्हेत. दोन्ही संघ धडधाकट, मैदान तयार, लोक आसुसलेले, आणि तरीही ‘त्यांच्याशी आम्ही खेळणार नाही’ एवढ्याच कारणाने न झालेले. या नादात जुने संदर्भ चाळताना अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं एक भांडण हाती लागलं आणि ते काही सुटेना. टस्कलूसाचं अलाबामा विद्यापीठ आणि ऑबर्न गावचं ऑबर्न विद्यापीठ यांचे फुटबॉल संघ १९०७ साली एकमेकांशी खेळले. त्यानंतरचा सामना झाला १९४८ साली. मधल्या काळात दोन महायुद्धं झाली, महामंदी येऊन गेली. हे दोन संघ देशभरच्या संघांशी खेळत होते, फक्त एकमेकांशी नाही.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या वेडाबद्दल आपल्याकडे आता बऱ्यापैकी माहिती आहे. लाखभर लोक मावणारी स्टेडियम, कुलगुरूंच्या कितीतरी पट पगार घेणारे प्रशिक्षक, हे सारं तिकडे शिकायला गेलेल्या मुलांनी फोटोंसकट घरी कळवलेलं असतं. मिशिगन-ओहायो स्टेट, टेक्सास-ओक्लाहोमा या जोड्याही ओळखीच्या. पण त्या राज्याराज्यांतल्या स्पर्धा. अलाबामाचं प्रकरण एकाच घरातलं आहे. अमेरिकेच्या मोठ्या व्यावसायिक लीगांपैकी एकीचाही संघ या राज्यात नाही. त्यामुळे ५० लाखांच्या लोकसंख्येची सारी क्रीडाभक्ती या दोन विद्यापीठांत वाटली गेली. कॉलेजचं तोंडही न पाहिलेला माणूस इथे जन्मजात एका कॉलेजचा असतो.

भांडणाचं मूळ मात्र मैदानात नाही, ते सरकारी अनुदानात आहे. टस्कलूसाचं विद्यापीठ १८३१ पासूनचं. वकील, आमदार, जमीनदार घडवणारं. यादवी युद्धाच्या शेवटी, एप्रिल १८६५ मध्ये, उत्तरेच्या फौजेने ते जाळलं. विद्यापीठ कसंबसं उभं राहत होतं तोच केंद्र सरकारच्या योजनेतून शेती आणि यंत्रविद्येच्या कॉलेजसाठी पैसा आला. तो टस्कलूसाला हवा होता. १८७२ साली विधिमंडळाने तो ऑबर्नला दिला. तेव्हापासून टस्कलूसाच्या लेखी ऑबर्न म्हणजे गाईगुरांचं कॉलेज आणि ऑबर्नच्या लेखी टस्कलूसा म्हणजे बापाच्या पैशावर मिजास करणाऱ्यांचं. आपल्याकडे भाऊबंदांत बांधावरून जुंपते आणि तिसऱ्या पिढीला मूळ बांध कुठे होता तेही सांगता येत नाही, तसंच हे.

पहिला सामना २२ फेब्रुवारी १८९३ रोजी बर्मिंगहॅमच्या लेकव्ह्यू पार्कात झाला. ऑबर्नने तो ३२-२२ असा जिंकला. आता गंमत बघा. हा सामना १८९२ च्या हंगामातला शेवटचा, असं अलाबामाचं म्हणणं. ऑबर्न म्हणतं, १८९३ च्या हंगामातला पहिला. म्हणजे पहिल्याच सामन्याचं वर्ष कोणतं यावरही एकमत नाही.

पुढचे काही सामने आपण सोडून देऊ. मुक्काम करायचा तो १९०६ आणि १९०७ वर.

अलाबामाचे प्रशिक्षक होते ‘डॉक’ पोलार्ड, ऑबर्नचे माइक डोनह्यू. डोनह्यू मूळचे आयर्लंडचे, येल विद्यापीठात शिकलेले. १९०६ च्या सामन्यात पोलार्डनी खेळाडूंची एक नवी चाल आणली. फळीतले खेळाडू ऐन वेळी शिस्तीत जागा बदलत आणि समोरचा संघ गोंधळून जाई. अलाबामा १०-० जिंकलं. ऑबर्न चिडलं. पुढच्या वर्षी १६ नोव्हेंबरला सामना ६-६ असा बरोबरीत सुटला. कुणी जिंकलं नाही, म्हणून कुणाचं समाधानही झालं नाही.

त्या सामन्यात मैदानावर एवढी मारामारी झाली की पुन्हा खेळायचंच नाही असं ठरलं, अशी दंतकथा अलाबामात आजही ऐकवली जाते. रक्त सांडल्याशिवाय एवढं वैर शोभत नाही, असं लोकांना वाटत असावं. प्रत्यक्षात १९०८ च्या सामन्याची पत्रापत्री सुरू झाली ती भत्त्यावरून. ऑबर्नची मागणी होती २२ खेळाडूंसाठी माणशी रोज साडेतीन डॉलर. अलाबामाची तयारी २० खेळाडूंची आणि माणशी तीन डॉलरांची. मांडून पाहा. एकीकडे दिवसाला ७७ डॉलर, दुसरीकडे ६०. फरक १७ चा, दोन दिवसांचे झाले ३४. राज्यातला सगळ्यात मोठा खेळ ज्यावर अडला ती रक्कम एवढीच.

सोबत पंचांचा प्रश्न होताच. डोनह्यूंना पंच उत्तरेकडून हवा होता. इथल्या पंचांवर त्यांचा भरवसा नव्हता. उत्तरेच्या फौजेने जाळलेल्या विद्यापीठाला, दक्षिणेत लायक पंच मिळत नाही असं ऐकवणं कितपत रुचलं असेल! मला स्वतःला पैशांपेक्षा हा मुद्दाच जास्त झोंबरा वाटतो. ३४ डॉलर कुणीतरी वर्गणी काढून भरले असते. अपमानाची वर्गणी निघत नाही. बोलणी लांबत गेली, दोघेही थोडे थोडे नरमले, पण तोवर दोघांचं वेळापत्रक भरून गेलं होतं. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, असं तेव्हा साऱ्यांनाच वाटलं असणार.

पुढे प्रयत्न झाले, नाही असं नाही. पण १९२० च्या दशकात अलाबामाचा संघ देशभर गाजू लागला आणि ‘त्यांच्याशी खेळून आम्हाला काय मिळणार’ ही भाषा टस्कलूसात सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला ऑबर्नने पुन्हा विचारणा केली तेव्हा, असा सामना झाला तर राज्यात फुटबॉलचं स्तोम फार माजेल, अशी काळजी अलाबामा विद्यापीठाच्या धुरिणांनी व्यक्त केली. स्तोम माजण्याची काळजी, तीही अलाबामात! मला हा निव्वळ शहाजोगपणा वाटतो. हरण्याची भीती मोठ्यालाच असते. धाकट्याकडे गमावण्यासारखं काही नसतं.

शेवटी राजकारणी मध्ये पडले. १९४७ साली राज्याच्या प्रतिनिधिगृहाने ठराव करून दोन्ही विद्यापीठांना खेळायचा आग्रह केला. अनुदान ज्यांच्या हातात ते ‘आग्रह’ करतात तेव्हा त्याचा अर्थ कुलगुरूंना बरोबर कळतो. अलाबामाचे जॉन गॅलली आणि ऑबर्नचे राल्फ ड्रॉन बोलणीला बसले आणि ४ डिसेंबर १९४८ ही तारीख ठरली. सामन्याच्या दिवशी सकाळी बर्मिंगहॅमच्या वुड्रो विल्सन पार्कमध्ये खड्डा खणून, दोन्हीकडच्या विद्यार्थी प्रतिनिधींनी त्यात समारंभपूर्वक एक कुऱ्हाड पुरली. वैर पुरल्याची खूण म्हणून. दुपारी लीजन फील्डवर अलाबामाने ऑबर्नला ५५-० असं धुऊन काढलं. पुढच्या वर्षी ऑबर्नने १४-१३ अशी परतफेड केली. सकाळची कुऱ्हाड कुणाच्याही लक्षात राहिली नाही.

बर्मिंगहॅम पोलादाचं शहर, म्हणून सामन्याचं नाव पडलं आयर्न बोल. तिकिटं निम्मी निम्मी. पण लीजन फील्ड टस्कलूसाजवळ, आणि अलाबामा आपले इतर सामनेही तिथेच खेळायचं. तटस्थ मैदान म्हणजे त्यांचंच अंगण, ही ऑबर्नची तक्रार रास्त होती. तिचा निकाल लागायला १९८९ उजाडलं. त्या वर्षी २ डिसेंबरला अलाबामाचा संघ प्रथमच ऑबर्नमध्ये खेळायला आला. आला तो अपराजित, आणि ३०-२० असा हरून गेला. ऑबर्नची वयस्क माणसं या दिवसाबद्दल विजेतेपदापेक्षाही हळवेपणाने बोलतात.

हे सारं वैर गोऱ्यांचं, हे नमूद करायलाच हवं. दोन्ही विद्यापीठांचे दरवाजे कृष्णवर्णीयांना १९६३-६४ पर्यंत बंद होते. ११ जून १९६३ रोजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस टस्कलूसातल्या दारात आडवे उभे राहिले, ते छायाचित्र जगाने पाहिलं आहे. ज्या सामन्यासाठी विधिमंडळाने ठराव केला, त्यात राज्याच्या लोकसंख्येच्या मोठ्या भागाला जागाच नव्हती. १९८२ साली बचावफळीवरून झेप घेऊन ऑबर्नला २३-२२ असा विजय मिळवून देणारा बो जॅक्सन कृष्णवर्णीय होता. आज त्याचं नाव दोन्हीकडची माणसं आदराने घेतात.

आता या वैरात बळी गेलेल्या झाडांकडे येतो. ऑबर्नमध्ये टूमर्स नावाच्या औषधांच्या जुन्या दुकानासमोरच्या चौकात ओकची दोन मोठी झाडं होती. संघ जिंकला की गाव तिथे जमायचं आणि टॉयलेट पेपरची भेंडोळी झाडांवर फेकून ती पांढरीधोप करायचं. जुन्या काळी बाहेरगावच्या विजयाची तार दुकानात आली की तारयंत्राच्या कागदी फिती बाहेर तारांवर उडवत, त्यातून ही रीत आली, असं सांगतात. २०१० च्या २६ नोव्हेंबरला टस्कलूसात अलाबामा २४-० ने पुढे होतं. कॅम न्यूटनच्या ऑबर्नने तो सामना २८-२७ असा फिरवला आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं.

२७ जानेवारी २०११ रोजी पॉल फाइनबॉम यांच्या रेडिओ कार्यक्रमात एक फोन आला. ‘डेडव्हिलचा अल’ बोलत होता. अलाबामाचे पूज्य प्रशिक्षक बेअर ब्रायंट १९८३ च्या जानेवारीत वारले तेव्हा ऑबर्नच्या पोरांनी ही झाडं सजवली होती, असा त्याचा आरोप. त्याचा पुरावा कधीच पुढे आला नाही. ब्रायंटच्या पुतळ्याला न्यूटनची जर्सी चढवली, हा दुसरा राग. म्हणून आपण झाडांच्या मुळांशी ‘स्पाइक ८० डीएफ’ हे जालीम तणनाशक ओतलं, असं त्याने सांगितलं. झाडं मेली का, असं विचारल्यावर म्हणाला, अजून नाही, पण मरणार नक्की. आणि अलाबामाची आरोळी ठोकून फोन ठेवला.

विद्यापीठाने माती तपासली. विष खरंच होतं. पोलिसांनी पकडला तो हार्वी अपडाइक, साठी ओलांडलेला, टेक्सासच्या राज्य पोलीस दलातून निवृत्त झालेला. मुलांची नावं बेअर ब्रायंट आणि क्रिमसन टाइड, म्हणजे अलाबामाच्या संघाचं टोपणनाव. बाप लहानपणीच गेलेला, आणि ब्रायंटच्या ठायी त्याला बाप दिसायचा. अलाबामा विद्यापीठात तो कधीही शिकला नव्हता. त्याची कीव येते, पण ती फार वेळ टिकत नाही, कारण त्याला टोळीत मोठेपणा हवा होता आणि तो त्याला रेडिओवर मिळाला. द्वेषाचे फोन दिवसरात्र ऐकवून गल्ला भरणाऱ्या कार्यक्रमांना यातून मोकळं सोडावं, असं मला वाटत नाही.

शास्त्रज्ञांनी माती उपसली, कोळशाची भुकटी घातली, पण झाडं खंगत गेली. झाडं वाचवायला पहिल्यांदा पैसे जमवले ते अलाबामाच्याच चाहत्यांनी, ५० हजार डॉलरांच्या आसपास. २०१३ च्या एप्रिलमध्ये गावाने ती शेवटची सजवली आणि तीन दिवसांनी ती तोडली. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला अलाबामाची शेवटच्या सेकंदाची किक तोकडी पडली, ख्रिस डेव्हिसने चेंडू झेलला आणि अख्खं मैदान धावून सामना ३४-२८ असा जिंकून दिला. त्या रात्री कागद फेकायला झाडं नव्हती. चौकात खांब रोवून तारा ताणल्या होत्या. अपडाइकला तीन वर्षांची शिक्षा झाली, त्यातले सहा महिने तुरुंगवासाचे, शिवाय सुमारे आठ लाख डॉलरांची भरपाई. २०२० साली तो मेला तेव्हा त्यातले सात हजारही भरलेले नव्हते.

दोन विद्यापीठांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही त्या ४१ वर्षांतच हे वैर सगळ्यात चांगलं पोसलं गेलं, असं माझं मत झालं आहे. सामना झाला की एक जण हरतो आणि वर्षभर गप्प बसतो. सामनाच नसेल तर हरत कुणीच नाही, आणि बापाने सांगितलेलं पोराला खरंच वाटत राहतं.

तुमचं कुणी हंट्सव्हिलला नोकरीला किंवा बर्मिंगहॅमला शिकायला असेल, तर त्याला एवढं जरूर कळवा. नव्या माणसाला तिथे विचारतात, ‘अलाबामा की ऑबर्न?’ ‘कुणाचाच नाही’ हे उत्तर कुणी मान्य करत नाही. नोव्हेंबर संपायच्या आत एक बाजू ठरवून टाकावी.