‘शुगर’ लपवायची कशाला?

आपल्या हैदराबादेत ‘मधुमेह’ हा शब्द पुस्तकातच राहतो. मराठी, तेलुगू, उर्दू, कुठल्याही घरात जा, ‘शुगर आहे’ एवढंच म्हणतात, तेही आवाज खाली आणून. माझी आत्या लग्नाच्या जेवणाआधी इन्सुलिन घ्यायचं टाळते. ‘‘घरी गेल्यावर बघू,’’ म्हणते. तोवर बिर्याणी आणि खुबानी का मीठा पोटात गेलेला असतो. तिला आजारापेक्षा ‘‘एवढ्यातच सुईवर आलीस?’’ या प्रश्नाची भीती जास्त.

ही लाज येते कुठून? ‘गोड खाल्लं, आळस केला, म्हणून झालं’ या समजातून. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यात त्या मुलाचा काय दोष? टाइप २ मध्ये खाणं, वजन, व्यायाम यांचा वाटा आहेच, पण आनुवंशिकतेचा आणि आपल्या शरीराच्या ठेवणीचाही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर मोठं काम केलं आहे. २००४ साली त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचा सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही वजनाने कमी, तरी त्या मानाने चरबी राखून असलेली आढळली. म्हणजे सडपातळ दिसणाऱ्यालाही धोका असतो, आणि त्याची सुरुवात आईच्या पोटातच होऊ शकते.

दुसरा गैरसमज सुईचा. ‘इन्सुलिन म्हणजे शेवट’ असं लोक म्हणतात. खरं तर जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला ते पहिल्यांदा दिलं गेलं. त्याआधी अशी मुलं फार काळ जगत नसत. म्हणजे सुईने आयुष्य वाढवलं.

लपवण्याची किंमत मात्र रोज मोजावी लागते. डोस चुकतो, चारचौघांत रक्त तपासता येत नाही, डॉक्टरांनाही अर्धंच सांगितलं जातं. काही जण तपासणीच्या आधी दोन दिवस कडक पथ्य पाळतात. पण एचबीए१सी ही चाचणी दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, तिला फसवता येत नाही. हॉस्टेलवर तर मुलं बाथरूममध्ये जाऊन इंजेक्शन घेतात, कुणाला नशेचा संशय येऊ नये म्हणून.

मग आपण काय करायचं? सीबीएसईने २०१७ साली टाइप १ असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ जवळ ठेवायची परवानगी दिली. बोर्डाला जे जमलं, ते आपल्या वर्गालाही जमेल. मित्राला घाम फुटला, हात थरथरले, तो असंबद्ध बोलू लागला, तर साखर उतरलेली असू शकते. शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

आणि इराणी हॉटेलात कुणी ‘बिनसाखरेचा चहा’ मागितला, तर ‘‘का रे, शुगर आहे का?’’ असं ओरडू नका. ऐकणाऱ्याची पुढची गोळी कदाचित त्या एका वाक्यामुळे चुकते.